मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलचा हेड कोच नेमका कशाच्या जोरावर यशस्वी होतो?

नमस्कार मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या जाणकारांना विचारायचंय. इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये १२ पैकी फक्त ३ सामने जिंकला होता. कर्ट सिग्नेटी हेड कोच म्हणून आले आणि २०२४ मध्ये ११ विजय, २ पराभव! येताना त्यांनी आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाच्या संघातले आपले बरेच खेळाडू आणि सहायक कोच सोबत आणले. त्याआधी अलाबामा विद्यापीठात तेव्हाचे हेड कोच निक सेबन यांच्या हाताखाली ते खेळाडूंची भरती बघायचे. मग खरी करामत कशात आहे? खेळाडू हेरण्यात, की रोजच्या सरावाच्या शिस्तीत? मला भरतीचं पारडं जड वाटतं, पण सेबन यांच्या तालमीतले सगळेच काही चमकले नाहीत. ट्रान्सफर पोर्टलमुळे (म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलता येण्याच्या व्यवस्थेमुळे) गणित कितपत बदललंय? नियमित सामने बघणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा ना.