शब्दचर्चा : ग्लिया म्हणजे ‘आधारपेशी’ का?

प्रश्न : एका शोधनिबंधाचा मराठी गोषवारा करतेय. विषय : उंदराच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतल्या आधारपेशींचे प्रकार ओळखणे. एका हिंदी पुस्तकातली ‘स्नायु कोशिका’ मी ‘स्नायूपेशी’ केली, तर सर हसले. काय चुकलं? आणि ग्लियाला ‘आधारपेशी’ चालेल ना?

उत्तर : हसणारच! हिंदीतला स्नायु चेतासंस्थेतला, आपला स्नायू दंडात फुगतो तो. उलट आपली पेशी म्हणजे त्यांची कोशिका, आणि त्यांची मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. तिथे ‘चेतापेशी’ लिहा.

‘आधारपेशी’चं मात्र जपून. ग्लिया म्हणजे चेतापेशींच्या सोबतीच्या पेशी. शब्द ग्रीक, अर्थ सरस किंवा डिंक. जर्मन शास्त्रज्ञ फिर्खोव यांनी १८५६ साली ‘न्यूरोग्लिया’ नाव दिलं ते हा चेतापेशींना धरून ठेवणारा लुकण आहे अशा समजुतीने. आधारपेशी हा शब्द त्याच समजुतीचा वारस. तारकापेशी या ताऱ्यासारख्या ग्लियांना तो कसाबसा शोभतो. पण मायक्रोग्लिया हा दुसरा प्रकार? त्या मेलेल्या पेशी नि कचरा गिळतात. झाडूवाल्याला खांब म्हणावं तसं ते. मी तरी सरळ ‘ग्लिया’ लिहीन.

शिवाय पिनिअलमध्ये बहुसंख्य पेशी मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक तयार करणाऱ्या, म्हणजे पिनिअलपेशी. उरलेल्या थोड्या मधल्या जागांत असतात, त्यांना एकत्रितपणे ‘अंतराली पेशी’ म्हणता येईल. या शब्दात काम नाही, फक्त जागा आहे, म्हणून तो मला प्रामाणिक वाटतो. प्रकार ठरतो तो ग्रंथीच्या पातळ छेदावर ठरावीक प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडं लावल्यावर. रॅटमध्ये व्हिमेंटिन हे प्रथिन असलेल्या पेशी ग्रंथीभर दिसतात, जीएफएपी हे प्रथिन असलेल्या मुख्यतः ग्रंथीच्या देठाजवळ. म्हणून नुसत्या जीएफएपीवर मोजलं तर बऱ्याच निसटतात. मायक्रोग्लियासाठी आयबा-१ या प्रथिनाचं प्रतिपिंड वापरतात, पण रक्तवाहिन्यांलगतच्या भक्षकपेशीही तो रंग घेतात. तेव्हा ‘ओळखल्या’ हे क्रियापदसुद्धा बेताने वापरा.

आणखी एक : ‘उंदीर’ म्हणजे माऊस की रॅट? मराठीत दोन्ही उंदीरच, पण इथे फरक पडतो. प्रयोगशाळेतल्या सी५७ जातीच्या माऊसची पिनिअल मेलाटोनिन जवळजवळ बनवतच नाही.

प्रश्नकर्ती : विस्टर जातीचे आहेत, म्हणजे रॅट. ‘घूस’ लिहू?

उत्तर : नको हो, घूस वेगळा प्राणी. रॅटच ठेवा.