पाखाडी उतरताना गुडघा बोलतो का? अनुभव लिहा

पडवीतली_खुर्ची
गौरी-गणपतीला माहेरी गेले होते, गुहागरकडे. पाऊस नुकताच थांबलेला, पाखाडीच्या, म्हणजे डोंगरउतारावरच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, चिऱ्यांवर हिरवं शेवाळ. मधल्या वळणावर वरच्या वाडीतल्या एक काकू उलट्या उतरताना दिसल्या. तोंड डोंगराकडे, हात गडग्याला आणि एकेक पाऊल मागे चाचपत. एकदम आजी डोळ्यासमोर आली. तीही शेवटी शेवटी अशीच उतरायची. आम्ही पोरंही तिच्यासोबत उलटी उतरायचो, रांगेने. ती म्हणायची, "उतरा, उतरा, तुमचीही पाळी येईल."

आता मी ५६. पाळी आली.

आजीच्या वेळी इलाज म्हणजे उंडीचं तेल, निर्गुडीचा पाला शेकून बांधायचा आणि "वय झालं की व्हायचंच" हे वाक्य. आता एक्स-रे, गोळ्या, रीलवरचे व्यायाम, शिवाय भेटेल त्याच्याकडे एक नवं तेल. तुम्ही काय केलंत, कशाने फरक पडला, कुठे पैसे पाण्यात गेले, लिहा. घरच्यांचे अनुभवही चालतील. जाहिराती नकोत, प्लीज.

खाडीपलीकडे
माझ्या सासूबाई ओटीवरून अंगणात अजूनही उलट्याच उतरतात. तीन पायऱ्या, पण मध्ये कोणी बोललेलं चालत नाही.

सोलकढी
मॅग्नेटचा पट्टा. जत्रेत घेतला. पैसे पाण्यात. पुढचा नंबर कोणाचा?

लावणीवाला
आमचं प्रकरण झिजेचं नाही. भाताच्या लावणीत पाय चिखलात पोटरीपर्यंत रुतलेला, मागून कोणी हाक मारली म्हणून अंग वळवलं, पाऊल तिथेच राहिलं. आतून कट् झालं. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. एमआरआयमध्ये आतली गादी फाटलेली दिसली. एका डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन लगेच सांगितलं, दुसरे म्हणाले, गुडघा अडकत नाही, पूर्ण सरळ होतोय, वयही पन्नाशीच्या पुढचं, तर आधी तीन महिने नीट व्यायाम करा, मग बघू. दुसऱ्यांचं ऐकलं. ऑपरेशनची वेळ आली नाही. यंदा लावणीला उतरलो, पण रोपांच्या मुठी फेकायला आणि बांधावरून ओरडायला. लावायला पोरं.

बाकी हल्ली लावणीला माणसं मिळत नाहीत हा वेगळाच धागा होईल. गुडघे सगळ्यांचेच गेलेत की मोबाईल आलेत, देव जाणे.

वाशिष्ठीकाठ
मी फिजिओथेरपिस्ट. रोज हेच बघते म्हणून लिहिते, लांबलं तर माफ करा.

ताई, तुमच्या आजीचं उलटं उतरणं अगदी शास्त्रशुद्ध होतं. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणला जात असतानाच सगळं अंग तोलून धरावं लागतं, गुडघा पावलाच्या पुढे जातो आणि वाटीवर दाब येतो. म्हणून दुखणं चढताना कमी आणि उतरताना जास्त. उलटं उतरलं की गुडघा तेवढा पुढे जात नाही. फक्त शेवाळलेल्या पाखाडीवर हे करू नका. पडून खुब्याचं हाड मोडलं तर गुडघा बरा होता म्हणायची पाळी येईल. धरायला कठडा असेल तर सरळच उतरा: उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. निम्मे लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात.

व्यायामाला मशीन लागत नाही. भक्कम खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. "सावकाश" महत्त्वाचं, धपकन बसलात तर उठलेलं फुकट. दहा वेळा जमत नसेल तर पाच. खुर्ची फार खाली वाटली तर बसायला उशी घ्या. दुसरा: पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबून पाच आकडे मोजायचे. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं वाढलेलंच असेल तर प्रमाण कमी करा, बंद करू नका. फरक दिसायला दीड-दोन महिने जातात आणि लोक पंधराव्या दिवशी सोडतात.

खाडीपलीकडे
@वाशिष्ठीकाठ वजनाचं खरं असतं का? डॉक्टर सारखं वजन वजन करतात. गुडघा दुखतो म्हणून चालत नाही, चालत नाही म्हणून वजन वाढतं. कुठून सुरू करायचं?

वाशिष्ठीकाठ
खरं आहे. १ किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो. दिवसाची पावलं मोजा म्हणजे कळेल. चालणं दुखत असेल तर खुर्चीवरच्या व्यायामाने सुरू करा. पोहता येत असेल तर उत्तमच, पाण्यात अंगाचा भार गुडघ्यावर येत नाही.

बांगडाप्रेमी
आमच्याकडे उलटीच गंमत. ह्यांचा गुडघा रात्रीत लाल, गरम, चादर लागली तरी ओरडायचे. सगळे म्हणाले संधिवात, तेल चोळा. चोळल्यावर आणखी ओरडले. शेवटी डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं, निघालं युरिक ॲसिड. आदल्या दिवशी पार्टी झालेली. कोळंबी, तारल्या, बिअर. डॉक्टर म्हणाले बिअर बंद, कोळंबी-तारली-बांगडा जपून. बांगडा जपून म्हणजे आमच्या घरात सुतकच की हो.

सोलकढी
@बांगडाप्रेमी मग आयडी बदलणार का?

बांगडाप्रेमी
मरेपर्यंत नाही.

मालवणी_झील
आमच्या आवशीचा येगळाच. गुडघे, मनगटां, घोटे सगळाच धरलेला. लोक म्हणत वय झाला, वात धरलो. तपासल्यार चिकुनगुनिया निघालो. ताप गेलो बिगीन, पण सांधे कितीतरी म्हयने दुखत रवले. आता बरी आसा, काल परड्यात पडवळाक मांडव घालीत होती. म्हणान सांगतंय, गुडघो दुखलो म्हणजे झीजच झाली असा नाय.

वाशिष्ठीकाठ
@मालवणी_झील अगदी बरोबर. झिजेत सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासाच्या वर राहत असेल, हाताची बोटंही सुजत असतील तर रक्ततपासणी करून घ्या. आणि गुडघा गरम, सुजलेला, त्यात ताप असं असेल तर तेल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे.

आंब्याचा_मोहर
उंडीच्या तेलाबद्दल कोणीच काही बोलेना! आमच्या देवगडच्या घरी अजून बाटली असते. काळपट हिरवं, वास असा कडू की पाहुणे ओटीवरूनच ओळखतात घरात कोणाचं काय दुखतंय ते. आजोबा फळं वेचून, फोडून, गर वाळवून घाण्यावर न्यायचे. पूर्वी देवळात दिव्यालाही हेच तेल. मी लावते, बरं वाटतं. झिजलेली कूर्चा तेलाने परत येत नाही हे मला माहीत आहे, पण रात्री मुलगी दहा मिनिटं बसून चोळून देते त्याला काय नाव देणार?

ठाणे_व्हाया_दापोली
आईचे दोन्ही गुडघे बदललेत, त्याबद्दल लिहितो. आमच्या गावात गुडघा बदलता येतो हे पहिल्यांदा कळलं ते वाजपेयींमुळे. २००० मध्ये ब्रीच कँडीला त्यांचा एक गुडघा झाला, डॉ. रानावत अमेरिकेहून आले होते, पुढच्या वर्षी दुसरा. तेव्हा आई म्हणायची, पंतप्रधानांना परवडतं, आपल्याला काय. मग २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४ हजार ७२० वर आला, आधी त्याला दीड लाखाच्या आसपास पडायचे. हा फक्त सांध्याचा भाव हं, ऑपरेशन-खोली-औषधं वेगळी, त्यामुळे आधी पूर्ण अंदाजपत्रक लेखी मागा.

कधी करावं? आमचं असं ठरलं: रात्री दुखून झोप मोडायला लागली, अंगणापलीकडे जाणं बंद झालं, व्यायाम-गोळ्या सगळं करून झालं. नुसता एक्स-रे खराब आहे म्हणून नाही. शेजारच्यांचा एक्स-रे आईपेक्षा वाईट आहे आणि ते रोज बाजाराला चालत जातात.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं केलं. खरी परीक्षा घरी. गुडघा वाकवायचा व्यायाम आईला नको व्हायचा, मी फोनवर ओरडायचो, बहीण तिथे बसून करून घ्यायची. श्रेय बहिणीचं. आईचा पहिला प्रश्न मात्र, "आता पाटावर मांडी घालून जेवता येईल ना?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ती दोन दिवस बोलली नाही कोणाशी. आता टेबलावर जेवते, पण पाट अजून भिंतीला उभा आहे.

खाडीपलीकडे
वाचून डोळ्यात पाणी आलं हो. आईंना नमस्कार सांगा.

गावची_गाडी
आमच्या वाडीतल्या एक आजी बाजाराला जाताना पिशवीत छोटा पाट घेऊनच येतात. गाडी आली की पाट खाली ठेवायचा, त्यावर पाय, मग पायरी. आजी वर, कंडक्टर पाट उचलून मागोमाग वर. उतरताना उलट क्रम. ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट झाल्यापासून आजी महिन्यातून दोनदा तरी लेकीकडे. लेक कंटाळली असेल, पण गुडघे हालते आहेत.

दर्याकाठी
समुद्रावर चालणाऱ्यांसाठी. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालू नका, पाय रुततो नि गुडघा पिरगळतो. ओहोटीला ओली घट्ट वाळू उघडी पडते तिथे चाला. आणि किनारा पाण्याकडे उतरता असतो, एकाच दिशेने लांब गेलात तर एक पाय सतत खालच्या बाजूला राहतो. जेवढं गेलात तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या म्हणजे बाजू बदलते. मी भरती-ओहोटीची वेळ कॅलेंडरमध्ये बघून फिरायला निघतो, बायको म्हणते पगारी मच्छीमार.

पडवीतली_खुर्ची
किती छान लिहिताय सगळे! @वाशिष्ठीकाठ खुर्चीचा व्यायाम सुरू केलाय. गोळ्यांबद्दल कोणी लिहा ना. आमच्याकडे मेडिकलवाल्याला "गुडघ्याची द्या" म्हटलं की पुडी बांधून देतो.

वाशिष्ठीकाठ
औषधं माझा प्रांत नाही, ते डॉक्टरांना विचारा. एवढंच सांगते की दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेऊ नका. पोट, मूत्रपिंड, रक्तदाब तिन्हीला त्रास देतात, साठीनंतर जास्तच. बरेच डॉक्टर आधी डायक्लोफेनॅकचं मलम लावायला सांगतात. आणि त्या निनावी पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं, म्हणून दोन दिवसांत जादू होते. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांनी फारसा फरक पडत नाही असंच बहुतेक अभ्यास सांगतात.

सोलकढी
डबा आहे घरी. त्यात आता तिरफळं ठेवलीत. नंबर दोन माझाच.

जांभा_चिरा
घर बदला, गुडघा आपोआप सुधारतो असं माझं मत. आम्ही गावच्या घरी केलं: भारतीय संडासावर ठेवायची लोखंडी खुर्ची, भिंतीला दांडा, न्हाणीत स्टूल. गणपतीची मखर चौरंगावर होती ती उंच टेबलावर घेतली, गुरुजी आधी कुरकुरले, मग स्वतःच म्हणाले बरं झालं, त्यांचेही गुडघे साठीचे. नारळ खवायला आई विळीवर बसायची, आता ओट्याला स्क्रूने लावायची खवणी आणली.

आंब्याचा_मोहर
@जांभा_चिरा ती खवणी सैल नाही होत का? माझी ग्रॅनाइटवर सरकते.

जांभा_चिरा
खाली रबर लावा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा.

बांगडाप्रेमी
पण विळीसारखा खोबऱ्याचा बारीक चव त्यावर पडत नाही. सोलकढीला चालेल, मोदकाच्या सारणाला नाही.

सोलकढी
कोणी बोलावलं मला?

आंब्याचा_मोहर
ट्यूबचं करून बघते. सारणापुरती विळी टेबलावर ठेवून उभ्याने कोणी खवलंय का? पाय न ठेवता विळी पालथी होते माझी.

जांभा_चिरा
विळीचा पाट टेबलाला खालून सी-क्लॅम्पने आवळा. सुताराकडे मिळेल. फोटो उद्या टाकतो, आत्ता लाईट गेलीय.