डोळे भरून येतील असे सिनेमातले आणि खेळातले प्रसंग सुचवा

मेघमल्हार
आमच्या गटासाठी एक संध्याकाळ फक्त अशा प्रसंगांची ठेवायची आहे. निम्मी मंडळी सिनेमावेडी, निम्मी खेळवेडी. खेळातलं काही कळत नसलेल्यालाही गलबलून आलं पाहिजे, आणि सिनेमातलं दृश्य नुसतं व्हायोलिनच्या जोरावर रडवणारं नको. हातात दोन तास आहेत. काय दाखवू आणि कोणत्या क्रमाने?

तळटीप
डेरेक रेडमंड, बार्सिलोना ऑलिम्पिक १९९२, ४०० मीटरची उपांत्य फेरी. पण थेट चित्रफीत लावू नका. आधी सांगा की १९८८ला सोलमध्ये शर्यत काही मिनिटांवर आलेली असताना दुखापतीमुळे त्याला माघार घ्यावी लागली होती, आणि मधल्या काळात त्याच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. मग बघा. मांडीमागचा स्नायू जातो, तो खाली बसतो, उठतो आणि एका पायावर लंगडत निघतो. वडील सुरक्षारक्षकांना चुकवून धावपट्टीवर येतात. सगळे त्या मिठीबद्दल बोलतात, मला मात्र वडिलांचा दुसरा हात बघवत नाही. एका हाताने मुलाला सावरलेलं, आणि अडवायला आलेल्या अधिकाऱ्यांना ते दुसऱ्या हाताने झटकून लावतात. मदत घेतल्यामुळे ती शर्यत अधिकृतरीत्या पूर्ण धरली गेली नाही, हे शेवटी सांगा. आधी नको.

रानजाई
खेळाचे तुकडे जरूर दाखवा, पण सिनेमाचे तुकडे दाखवू नका, ही कळकळीची विनंती. खेळाडूचं आधीचं आयुष्य मैदानाबाहेर घडलेलं असतं, ते दोन वाक्यांत सांगता येतं. सिनेमात तेच आधीच्या दीड तासात आपण जगलेलो असतो. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ घ्या. मुलगी दुर्गा गेल्याचं ठाऊक नसलेला हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो आणि दुर्गासाठी आणलेली साडी पत्नी सर्वजयाच्या हातात देतो. ती कोसळते, पण तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. पावसात नाचणारी दुर्गा ज्याने पाहिली नाही, त्याला हे दृश्य फार तर सुंदर वाटेल. आतून काही तुटणार नाही.

मेघमल्हार
पटलं. पण मग दोन तासांत सिनेमा एकच बसेल.

रानजाई
एकच बसवा. चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१) दीड तासाच्या आत संपतो. मूकपट आहे, त्यामुळे भाषेची अडचण नाही. आंधळ्या फुलवालीला दृष्टी परत मिळालेली असते. समोरच्या फाटक्या माणसाला ती दयेपोटी फूल आणि नाणं देते. नाणं देताना त्याचा हात हातात येतो आणि स्पर्शावरून तिला कळतं की दृष्टीसाठी पैसे देणारा तो हाच. त्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि लाज एकाच वेळी असते. गंमत म्हणजे तोवरचा बराचसा सिनेमा हसवणारा आहे, म्हणून तर शेवट इतका लागतो.

जुनीवही
‘सिटी लाइट्स’ला अनुमोदन. पुढच्या वेळी ‘श्वास’ ठेवा. शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी कायमची जाणार आहे, म्हणून आजोबा त्याआधी त्याला जग दाखवायला दवाखान्यातून बाहेर काढतात. अरुण नलावडेंचे डोळे बघत राहावेत.

खेळिया
नुसतं दुःखच नको, आनंदाने रडवणारंही ठेवा. टोकियो ऑलिम्पिक, २०२१, उंच उडी. कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी दोघेही २.३७ मीटरवर बरोबरीत, २.३९ला दोघेही अडले. अधिकारी निर्णायक उडीबद्दल सांगू लागतात, तेवढ्यात बार्शिम विचारतो, दोन सुवर्णपदकं देता येतील का? होकार कळताच तांबेरी त्याच्या अंगावर झेपावतो आणि मग जमिनीवर लोळतो. २०१६च्या ऑलिम्पिकआधी घोट्याला दुखापत झाली तेव्हाचं प्लास्टर त्याने सोबत आणलं होतं, ते दाखवायला विसरू नका.

दुसरं, वेटलिफ्टर मातियास स्टाइनर, बीजिंग ऑलिम्पिक २००८. पत्नी आदल्या वर्षी मोटार अपघातात गेलेली. शेवटच्या प्रयत्नात तो २५८ किलो उचलतो आणि एकूण वजनात फक्त एका किलोने जिंकतो. पदक घेताना एका हातात तिचा फोटो.

आणि जेमिमा रॉड्रिग्ज हवीच. २०२५चा महिला क्रिकेट विश्वचषक, उपांत्य सामना, ऑस्ट्रेलियाचं ३३९चं लक्ष्य, तिच्या नाबाद १२७. त्याच स्पर्धेत तिला एका सामन्यात बाहेर बसवलं होतं, हे आधी सांगा.

मेघमल्हार
मग रेडमंड, स्टाइनर, बार्शिम, जेमिमा आणि शेवटी ‘सिटी लाइट्स’. जमेल?

तळटीप
रेडमंड आणि स्टाइनर पाठोपाठ नकोत, मध्ये बार्शिम घाला. चौघांचं मिळून वीस मिनिटांत आवरा आणि सिनेमाआधी दहा मिनिटं मोकळी सोडा. लोकांना बोलायचं असतं.

खेळिया
जेमिमाचं सामन्यानंतरचं बोलणं मात्र कापू नका. स्पर्धेच्या काळातल्या मानसिक त्रासाबद्दल ती रडत रडत सांगते, ते पूर्ण ऐकवा. फटके कमी दाखवले तरी चालतील.