दिवाळीला न कळवता परदेशातून घरी जावे का?

नेकारकाठ:
नमस्कार. मी नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला राहते आणि माझे आईवडील सांगलीला, विश्रामबागेत असतात. इथे आल्यापासून दिवाळीत घरी जाणे जमलेले नाही, कारण त्या दिवसांत इकडे सुट्टी नसते आणि साठवलेली रजा नाताळाला जोडूनच घ्यावी लागते. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, रजा मंजूर झाली आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. गुरुवारी, ५ तारखेला दुपारी फ्रँकफुर्टहून निघून मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईत उतरावे आणि कोणाला काही न सांगता थेट सांगलीच्या घरी दारात जाऊन उभे राहावे, असे फार मनात आहे.

अडचणी दोन आहेत. वडिलांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. प्रकृती आता उत्तम आहे, तरी एवढा धक्का, आनंदाचा का होईना, द्यावा की नाही याची धास्ती वाटते. दुसरी अडचण ऐकून हसू येईल, पण ती खरी आहे. दसऱ्याच्या आसपास आईचे फराळाचे पार्सल माझ्याकडे निघते. ते यंदाही निघेल आणि मी सांगलीत चकल्या खात असताना इकडे बंद दाराशी येऊन पडेल. पाठवू नकोस म्हटले, तर ती कारण विचारल्याशिवाय राहणार नाही. धाकटा भाऊ पुण्यात असतो आणि धनत्रयोदशीला गाडी घेऊन घरी जातो. अजून त्यालाही काही बोललेले नाही. ज्यांनी असे केले आहे, किंवा ज्यांच्या घरी असे कोणी आले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेठनाका:
आधी प्रवासाचे पाहू, कारण बहुतेक बेत तिथेच फसतात. मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरणाऱ्याला महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची नाही. ती रात्री सुटते, म्हणजे अख्खा दिवस मुंबईत काढावा लागेल. सकाळी सीएसएमटीहून निघणारी कोयना एक्स्प्रेस संध्याकाळी सांगलीला पोहोचवते. रेल्वेचे आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी खुले होते. ६ नोव्हेंबरच्या प्रवासासाठी ते ७ सप्टेंबरला सकाळी होईल, आणि दिवाळीच्या तोंडावर ही गाडी प्रतीक्षायादीवर जायला फार वेळ लागत नाही. टॅक्सीने यायचे तर अंतर साधारण पावणेचारशे किलोमीटर आहे. त्यात धनत्रयोदशीच्या दिवशी खंबाटकी घाटात वाहने किती तास उभी राहतील याचा भरवसा कोणीच देऊ शकत नाही, आणि पहाटे तीनला अनोळखी टॅक्सीत बसून एकटीने निघावे असे मला तरी सुचवावेसे वाटत नाही.

माझ्या मते तुमचे उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. भावाला विश्वासात घ्या, मुंबईहून पुण्यापर्यंत या, त्याच्याकडे काही तास झोपा आणि त्याच्याच गाडीतून घरी जा. तो येणार हे घरी ठाऊक असतेच, त्यामुळे फाटक वाजले तर कोणी दचकत नाही, स्वयंपाक झालेला असतो आणि आईवडील आपणहून बाहेर येतात. फक्त गाडीतून एकाऐवजी दोघे उतरतात.

निवास परवान्याच्या कार्डाची मुदतही आत्ताच तपासून घ्या. परत जाताना त्यावरून अडकलेली माणसे मी पाहिली आहेत.

मस्कतवासी:
वरील सूचनेशी सहमत आहे. 'कोणालाच सांगायचे नाही' हा हट्ट सोडावा. आमच्या कचेरीतला एक सहकारी असाच न कळवता नगरला पोहोचला, तर घराला कुलूप होते आणि आईवडील सहल कंपनीबरोबर केरळला गेलेले होते. मुले येणार नसतील, तर आजकालची निवृत्त मंडळी दिवाळीत घरी बसून राहत नाहीत, हे आपण परदेशातले लोक विसरतो. शेजाऱ्यांकडचा फराळ खाऊन त्याने पाडवा साजरा केला.

व्हॉट्सअ‍ॅपकडेही लक्ष असू द्या. विमानात तुमचा फोन आठ-एक तास बंद असेल आणि आईने पाठवलेल्या निरोपावर एकच टिक दिसत राहील. 'दिवसभर प्रशिक्षण आहे, फोन बंद ठेवावा लागेल' असे आदल्या दिवशी सांगून ठेवले म्हणजे घरी काळजी सुरू होणार नाही. २५ ऑक्टोबरला तुमच्याकडची घड्याळे एक तास मागे जातील आणि भारताशी अंतर साडेतीनऐवजी साडेचार तासांचे होईल, तेव्हा पुण्यातून फोन करावा लागलाच तर हिशोब चुकू देऊ नका.

सोनचाफा:
मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे जिला असे चकित केले गेले ती आई. रत्नागिरीला राहते. आमचा मुलगा नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता येऊन उभा राहिला. त्याची कल्पना अशी की अभ्यंगस्नानाच्या वेळी आपण दारात असावे. कल्पना सुरेखच होती, पण ज्या घरात दोनच वयस्कर माणसे राहतात, तिथे पहाटेची बेल वाजली की आधी छातीत धस्स होते आणि कोणाचे काय झाले असेल, हेच पहिल्यांदा मनात येते. माझे यजमान उटण्याचे हात तसेच घेऊन दाराकडे धावले आणि ओल्या फरशीवरून घसरता घसरता वाचले. त्यानंतरचा आनंद सांगायला नको. तरीही सांगते, आपल्या घरी यायचे असेल तर दिवसाउजेडी यावे.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. मूल येणार हे महिनाभर आधी कळले असते, तर तो महिनाही माझा झाला असता. त्याच्या आवडीचे ओल्या नारळाचे लाडू केले असते, गाद्यांना ऊन दाखवले असते, वाण्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगत फिरले असते. तो आला तेव्हा मी एकाच वेळी हसत होते आणि घरात दूध किती आहे ते पाहत होते. म्हणून माझे मत असे, की आईला सांगून टाकावे आणि चकित करायचेच असेल तर आजी, मावशी, शेजारीपाजारी यांना करावे. तुमच्या मनात घट्ट बसलेच असेल, तर निदान वडिलांना भावाकडून आदल्या रात्री कळू द्यावे. त्यांच्या डॉक्टरांना विचारावे हे तर आहेच, परंतु जे माणूस आधीच जाणते, त्याला धक्का बसण्याचा प्रश्नच उरत नाही.

पार्सलचे म्हणाल तर तुपातल्या लाडवांचे कारण पुढे करा. युरोपीय संघात दुधाचे पदार्थ खाजगी पार्सलातून आणायला मनाई आहे, असे माझी पुतणी बेल्जियमहून सांगते, म्हणजे खोटेही बोलावे लागणार नाही. मात्र आई म्हणेल, लाडू राहू देत, चिवडा तरी पाठवते. त्याची तयारी ठेवा.

नेकारकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. भावाला काल सांगितले. तो माझ्याहून जास्त उत्साहात आहे आणि मुंबईला विमानतळावर घ्यायला येतो म्हणतो. शुक्रवारी दुपारी पुण्याहून निघून दिवेलागणीच्या आत घरी पोहोचायचे ठरले आहे. वडिलांना तो गुरुवारी रात्री फोन करून सांगेल.

सोनचाफाताई, तुमचे ते महिनाभराचे वाचून मी पुष्कळ वेळ विचार केला. तरीही आईला सांगणार नाही, कारण कधीही फोन केला की ती 'तुझे काय, तू काही येत नाहीस' म्हणते, आणि त्याला एकदा तोंडी नव्हे तर असे उत्तर द्यायची माझी फार इच्छा आहे. दुधाच्या दोन पिशव्या मात्र वाटेत कराडला घेऊन ठेवू. पार्सलचे आजच बोलले. लाडू रद्द झाले आहेत आणि त्यांच्या जागी चिवडा, कडबोळी व शंकरपाळे अशी यादी आली आहे, तेव्हा ते शेजारच्या जर्मन आजींनी उतरवून घ्यावे, अशी व्यवस्था करते आहे.

सोनचाफा:
वडिलांना गुरुवारी रात्री सांगणार असाल, तर आई झोपल्यानंतर सांगायला लावा. आमच्या यजमानांच्या पोटात अशी गोष्ट दहा मिनिटेही राहत नाही.