सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगावं का?

रानवाट_टेक्सास

नमस्कार मंडळी, इथे बंदूकवाले आणि शिकारवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. मी ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्रीत राहतो, ग्रीन कार्ड आहे, तीन वर्षांपूर्वी शहरातलं घर विकून इकडे अकरा एकर जागा घेतली. शेजारी एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, ते आता मुलीकडे राहायला गेले आणि जाताना मला त्यांचं रुगर ब्लॅकहॉक देऊन गेले, .३५७ मॅग्नम, सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीला आधी अंगठ्याने हॅमर (मागचा घोडा) मागे ओढायचा आणि मगच ट्रिगर. आमच्याकडे संध्याकाळी ओढ्याच्या बाजूला रानडुकरं येतात, पिल्लं बरोबर असली की मादी अंगावर यायला कमी करत नाही, रॅटलस्नेक तर आहेतच. पण खरं कारण वेगळंय. गेल्या महिन्यात रात्री एक वाजता दोन माणसं गेट ओलांडून आत आली, टॉर्च मारत शेडपर्यंत गेली आणि परत गेली. फोन केल्यावर पोलिसांची गाडी यायला चाळीस मिनिटं लागली, त्यांचा दोष नाही, अंतरच तेवढं आहे. तेव्हापासून बायकोला झोप लागत नाही. कुंपण बघायला जाताना मी हे कमरेला लावतो, दोन आठवडे झाले. पण एवढ्या जुन्या पद्धतीचं हत्यार माणसांपासून बचावासाठी पुरेल का, की सरळ दुसरं काही घ्यावं? आणि हो, मेहुणा एच-१बीवर आहे, पुढच्या शनिवारी येतोय, त्याला थोडी प्रॅक्टिस करायची आहे.

जुनं_लोखंड

दादा, पुरेल की नाही हे नंतर बघू, आधी हातातलं काम बाजूला ठेवून एक गोष्ट तपासा. रिव्हॉल्व्हर रिकामं करा आणि फ्रेमची बाजू बघा, ट्रिगरच्या वरच्या भागात तीन स्क्रू दिसतात का दोन पिना. दोन पिना असतील तर १९७३ नंतरचं न्यू मॉडेल, त्यात ट्रान्सफर बार असतो. ही एक छोटी पट्टी आहे, ट्रिगर दाबलेला असेल तेव्हाच ती वर येऊन हॅमरचा मार फायरिंग पिनला पोचवते, म्हणून सहाच्या सहा भरून फिरलं तरी चालतं. तीन स्क्रू असतील तर जुनं मॉडेल. त्यात हॅमर खाली असला की तो सरळ पिनवर टेकतो आणि पिन समोरच्या काडतुसाच्या टोपीवर, मधे काहीच नाही. कमरेवरून दगडावर पडलं, नाहीतर ट्रकच्या दाराचा दणका हॅमरवर बसला की बार उडतो आणि तो बहुतेक स्वतःच्याच पायात जातो. पहिल्या खाचेवर हॅमर अडकवून फिरणारे लोक आहेत पण ती खाच दणक्याने तुटते, तिच्यावर अजिबात विसंबू नका.

म्हणून जुन्यात पाचच भरायचे. १८७३ च्या कोल्टपासून हीच रीत आहे. हॅमर अर्ध्यावर आणायचा, बाजूचं झाकण उघडायचं, एक भरायचं, गोळीचं एक घर रिकामं सोडायचं, मग चार भरायचे, झाकण लावायचं, हॅमर पूर्ण मागे घ्यायचा आणि अंगठ्याने धरून हळूच खाली सोडायचा, की तो रिकाम्या घरावर येतो. तरी बाजूने उजेडात बघून खात्री करा, हॅमरच्या पुढच्या घरात पितळ दिसता कामा नये. माझा अंगठा ही क्रिया वीस वर्षं करतोय, तरी मी दर वेळी बघतो.

तुमचं जुनं निघालं तर रुगर कंपनी ट्रान्सफर बार फुकट बसवून देते आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत पाठवते. पाठवून द्या.

रानवाट_टेक्सास

तीन स्क्रू आहेत. आत्ताच टॉर्च लावून बघितले. आणि मी दोन आठवडे सहा भरून फिरत होतो, कुंपणावरून उड्या मारल्या, ट्रॅक्टरवर चढलो उतरलो, परवा तर होल्स्टरसकट गेटच्या खांबाला धडकलो. आजोबांनी रिकामं दिलं होतं आणि पाच असा काहीतरी शब्दही टाकला होता, मला वाटलं डबीतल्या गोळ्यांबद्दल बोलतायत. हात थरथरतायत लिहिताना. सगळं काढून कपाटात ठेवलंय. काका, मनापासून आभार.

अनुजा_ह्यूस्टन

भाऊ वाचलात, खरंच. मी वेगळ्या मुद्द्यावर लिहिते कारण सगळे गोळ्या किती आणि केवढ्या याबद्दलच बोलतात आणि खरा धोका नंतर असतो त्याबद्दल कोणी सांगत नाही.

माझ्याकडेही सिंगल अ‍ॅक्शनच होतं, आवड म्हणून घेतलेलं. सहा वर्षांपूर्वी नवरा बाहेरगावी, रात्री गॅरेजमधून डबे पडल्याचा आवाज आला. मी ते घेऊन गेले, दारातच हॅमर मागे ओढला, दिवा लावला तर रॅकून. तो पळाला. आता माझ्या हातात पूर्ण ताणलेलं रिव्हॉल्व्हर, ट्रिगर इतका हलका की नुसतं बोट टेकलं तरी सुटेल, तळहाताला घाम, आणि ते खाली आणायचं तर ट्रिगर दाबूनच हॅमर सोडावा लागतो. अंगठा घसरला. वॉशिंग मशीनच्या आरपार गोळी भिंतीत गेली, भिंतीपलीकडे मुलाची खोली, तो त्या रात्री आजीकडे होता. बंद गॅरेजमध्ये .३५७ चा आवाज काय असतो ते सांगता येणार नाही, दोन दिवस कान नुसते शिट्टी वाजवत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गोळी झाडायची वेळ आयुष्यात बहुधा येतच नाही, पण न झाडता हत्यार परत शांत करायची वेळ नक्की येते, आणि ती नेमकी आपण सगळ्यात जास्त घाबरलेलो असताना. डबल अ‍ॅक्शनमध्ये हॅमर ओढायचा प्रश्नच नाही, ट्रिगर लांब आणि जड, माणूस निघून गेला की बोट बाजूला घेतलं, संपलं. मी नंतर पाच गोळ्यांचं छोटं डबल अ‍ॅक्शन घेतलं, घरासाठी तेच.

सिंगल अ‍ॅक्शनच ठेवणार असाल तर खाली आणायची सवय रिकाम्यावर शंभरदा करा. नळी जमिनीकडे, डाव्या हाताचा अंगठा हॅमर आणि फ्रेमच्या मधे आडवा ठेवायचा, उजव्याने हॅमर धरायचा, ट्रिगर दाबायचा आणि हॅमर जरासा हलला की लगेच ट्रिगरवरचं बोट काढायचं. ट्रान्सफर बार असेल तर बोट काढल्यावर तो खाली जातो, मग हॅमर निसटला तरी गोळी सुटत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

सुहास_डॅलस

मेहुण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, हे फार महत्त्वाचं आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, एच-१बी, एच-४, विद्यार्थी सगळे त्यात येतात. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते हे खरं, पण ते राज्याचं झालं, फेडरल बंदी त्याने उठत नाही. आणि बाळगणं म्हणजे विकत घेणंच असं नाही, तुमच्या अंगणात त्याने हातात घेतली तरी प्रश्न येऊ शकतो. फौजदारी गुन्हा आहे, त्याचं पुढचं ग्रीन कार्ड, नोकरी, सगळं पणाला लागेल. सूट आहे ती शिकारीचं चालू लायसन असलेल्यांना. इथे लोक हमखास फसतात, कारण टेक्सासमध्ये २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला लायसन लागतच नाही, त्यामुळे कोणी काढत नाही. मेहुण्याने ते आधी काढावं आणि इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावं, मगच हातात घ्यावी. आणि घरात १७ वर्षांखालचं मूल असेल तर भरलेली बंदूक त्याच्या हाती लागेल अशी ठेवणं हाही टेक्सासमध्ये गुन्हा आहे, कपाट म्हणजे कुलूपवालं कपाट.

डोंगरवाट_टूसॉन

मी थोडा वेगळ्या मताचा आहे. अनुजाताईंचं सगळं पटतं पण सिंगल अ‍ॅक्शन निकामी आहे असं चित्र नको उभं राहायला. मी अ‍ॅरिझोनात डोंगरात फिरताना बारा वर्षं वकेरो लावतो, तेही रुगरचंच सिंगल अ‍ॅक्शन. मूठ अशी आहे की धक्का बसला की हातात वर फिरते, मनगटाला मार लागत नाही, आणि हॅमर ओढायला अंगठा आपोआप जागेवर येतो. जनावरासाठी उत्तम. पण भरणं हे मान्य करायलाच हवं, रिकामी टरफलं एकेक दांड्याने ढकलून काढायची, परत एकेक भरायची, मला शांतपणे टेबलावर सुद्धा अर्धा मिनिट सहज लागतं. म्हणजे माणसांच्या बाबतीत पाचातच काय ते. दोन माणसं टॉर्च घेऊन आलीत तर खरं काम कुत्रा, दिवे आणि दाराचं कुलूप करतात, आत राहून फोनवर बोलत राहायचं, शेडसाठी बाहेर जायचं नाही. शेडमध्ये असं काय आहे?

.३५७ मध्ये .३८ स्पेशलच्या गोळ्याही चालतात, प्रॅक्टिस त्यानेच करा, धक्का कमी आणि खिशालाही बरं. होल्स्टरला हॅमरवर चामड्याचा फास असलेलं घ्या, ब्लॅकहॉक अडीच पौंडाच्या आसपास आहे, साध्या पट्ट्यावर लोंबतं आणि उडी मारली की बाहेर येतं.

जुनं_लोखंड

टूसॉनकर बरोबर बोलले. अजून एक, परवाना लागत नाही म्हणून एलटीसीचा, म्हणजे टेक्सासच्या हँडगन परवान्याचा, कोर्स टाळू नका. चार ते सहा तास वर्ग असतो आणि ५० गोळ्यांची परीक्षा, २० तीन यार्डांवरून, २० सात आणि १० पंधरा यार्डांवरून, ठरलेल्या वेळात. तुमच्याच ब्लॅकहॉकने ती एकदा द्या, अंगठ्याचा वेग किती आहे ते तिथेच कळेल.

रानवाट_टेक्सास

सगळ्यांचे आभार, बायकोला बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. ब्लॅकहॉक सोमवारी कंपनीला पाठवतोय. मेहुण्याला फोन केला, तो आधी लायसनचं बघतो म्हणाला, शनिवारी नुसतं जेवायला येईल. शेडमध्ये एक जुना मोवर आणि खताच्या गोण्या आहेत, डोंगरवाट, तुमचा प्रश्न वाचून आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. उद्या शेडवर आणि गेटवर दिवे लावतोय. मुलगा नऊ वर्षांचा आहे, कुलूपवाली पेटी आजच घेऊन आलो. आणि आजोबांना फोन लावला. पाच म्हणालो होतो ना मी तुला, एवढंच म्हणाले आणि मग किती वेळ माझ्या पायाचीच चौकशी करत होते.