स्लायगोत हॉस्पिटल असताना गॉलवेला कशाला?

स्लायगोकर
आम्ही आयर्लंडात स्लायगोला राहतो. बायकोच्या छातीत गाठ लागली म्हणून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तातडीचं रेफरल थेट गॉलवेला धाडलं. आमच्या खिडकीतून स्लायगोचं हॉस्पिटल दिसतं आणि जायचं १४० किलोमीटर! धाकटी तीन वर्षांची आहे. इथंच का करत नाहीत? की डब्लिनला खासगीत जावं?

मिरजेची_सिस्टर
दादा, आधी एक ऐका. गाठ म्हणजे कॅन्सरच असं नाही. गाठ तपासायच्या त्या क्लिनिकमधून बहुतेक जणी 'काही नाही' ऐकूनच घरी जातात.

मी गॉलवेत ऑपरेशन थिएटरला आहे. पूर्वी आयर्लंडभर लहानमोठ्या हॉस्पिटलांत स्तनाची ऑपरेशनं व्हायची. २००७ मध्ये सरकारनं कॅन्सरची आठ केंद्रं ठरवली: चार डब्लिनमध्ये, बाकी कॉर्क, वॉटरफर्ड, लिमरिक आणि गॉलवे. डोनेगॉलमधल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलला गॉलवेच्या हाताखाली ठेवलं. हे जुळवायला कॅनडातून प्रा. टॉम कीन यांना आणलं होतं. स्लायगोचं काम २००९ मध्ये इकडे आलं. तेव्हा तिथे लोक रस्त्यावर उतरले होते, अजूनही तिकडचे पेशंट मला सुनावतात. मी वाद घालत नाही, पण ऑपरेशनपुरतं मला हे पटतं. सर्जनचा हात सतत त्याच कामात असतो, आणि तो एकटा काही ठरवत नाही. मॅमोग्राम वाचणारे, गाठीचा तुकडा तपासणारे, किमोवाले, सगळे बसून एकेक केस पडद्यावर बघतात.

त्या दिवशी आधी हातानं तपासतील, मग मॅमोग्राम-अल्ट्रासाउंड, शंका आली तर सुईनं गाठीचा तुकडा काढतील. सुईचा स्टेपलरसारखा खट्ट आवाज होतो. वहिनींना आधीच सांगून ठेवा, दुखण्यापेक्षा त्यालाच बायका दचकतात. डिओ-पावडर नको, आणि वरचा कपडा वेगळा काढता येईल असं काही घालू दे.

खासगीसाठी आत्ता पॉलिसी काढून उपयोग नाही. आधीपासूनच्या दुखण्याला ५ वर्षं थांबवतात.

किमो लागलीच तर ती स्लायगोत होते.

डोनेगॉलचा_बंड्या
ऑपरेशन एकदाच, मान्य. पण रेडिएशनचं काय? सोमवार ते शुक्रवार, आठवडेच्या आठवडे! आमच्या शेजारच्या आजी त्यासाठी गॉलवेला जाऊन राहायच्या. २०१६ अखेर सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडात डेरीला रेडिएशनचं केंद्र उघडलं, त्यात आयर्लंड सरकारनंही पैसे घातले, तेव्हा कुठे इकडच्यांची सुटका झाली. नकाशावर आठ ठिपके काढले त्यानंतर नऊ वर्षांनी! वायव्येकडे एकही ठिपका नाही हे तेव्हा दिसलं नव्हतं का?

मिरजेची_सिस्टर
बंड्या, रेडिएशनबाबत तुझ्याशी भांडण नाही. लांबून येणाऱ्यांसाठी कॅन्सर केअर वेस्ट या संस्थेचं 'इनिश ईविन' हे निवासस्थान गॉलवे हॉस्पिटलच्या आवारातच आहे, पण घरी लहान पोर असेल तर त्याचा काय उपयोग?

स्लायगोकर
ताई, फोन आला. गुरुवारी सकाळची वेळ मिळालीय. धाकटीला आणू की नको?

मिरजेची_सिस्टर
क्लिनिकमध्ये नको, अख्खा दिवस जाऊ शकतो. गुरुवारी माझा ऑफ आहे, तिला माझ्याकडे सोडा. पत्ता मेसेज करते. काय खाते तेवढं कळवा.