पेनलेस लस आणि ताप

सरकारी पेंटाव्हॅलंटने (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची एकत्रित लस) बाळाला ताप येतो, मग क्लिनिकमधली महागडी पेनलेस घ्यावी का, असं एकाने विचारलंय. सुई दोन्हींत टोचतेच. फरक आहे तो डांग्या खोकल्याच्या घटकात. सरकारी लशीत त्या जिवाणूची मारलेली अख्खी पेशी असते, पेनलेसमध्ये निवडक प्रथिनं. म्हणून ताप आणि मांडीची सूज कमी. पण संरक्षणही लवकर ओसरतं. अमेरिका १९९०च्या दशकात याच लशीकडे वळली आणि २०१० साली कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली. कारणं अनेक होती, पण वेळेवर लस घेतलेली शाळकरी मुलंही त्यात बरीच होती.

आमचे बालरोगतज्ज्ञ ६, १०, १४ आठवड्यांचे डोस सरकारी केंद्रातच घ्या म्हणतात. (स्वतःचं गिऱ्हाईक घालवणारा डॉक्टर, विरळाच!) कांजिण्या, टायफॉइड वगैरे त्यांच्याकडे. रोटा (जुलाबावरची) आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) लस हल्ली सरकारीतही फुकट मिळतात, तेव्हा आधी तिथे विचारा. आमचे डॉक्टर पॅरासिटामॉल आधीच पाजू देत नाहीत. ताप आला तर वजनानुसार किती थेंब ते कार्डावरच लिहून देतात. मांडी चोळायची नाही, शेकायचीही नाही.

लस वाटेत सतत थंड ठेवली गेली का (म्हणजे थंड साखळी), याची शंका असेल तर सरळ कुपी दाखवायला सांगा. सरकारी कुपीवर जांभळट वर्तुळात उष्णतेने गडद होत जाणारा चौकोन असतो. तो वर्तुळापेक्षा फिका असला तर ठीक. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर दुसरी कुपी मागा. नर्सताई रागावत नाहीत, उलट आमच्याकडच्या स्वतःहून दाखवतात.